सतार परदेशी सुखरूप आणि माफक खर्चात कशी पाठवावी?

खर्ज

नमस्कार. माझी धाकटी बहीण परदेशी स्थायिक झाली असून तिने तिथे सतारीचे शिक्षण नव्याने सुरू केले आहे. घरातली जुनी सतार तिच्याकडे पाठवावी असे आम्ही ठरवले आहे. सतार दोन भोपळ्यांची, तूनच्या लाकडाची आणि लाखेच्या पॉलिशची आहे. नजीकच्या काळात आमच्यापैकी कोणी तिकडे जाणार नाही, त्यामुळे ती पार्सलनेच पाठवावी लागेल.

चौकशी सुरू केली तेव्हा दोन गोष्टींनी गोंधळ उडाला. सतारीचे वजन जेमतेम साडेतीन किलो असताना एका कुरिअर कंपनीने साठ किलोंच्या पुढचा दर सांगितला. दुसऱ्या ठिकाणी वेष्टनाविषयी विचारले, तर खोक्यावर ‘नाजूक वस्तू’ अशी पट्टी लावली की काळजीचे कारण नाही, असे उत्तर मिळाले आणि त्याने माझे समाधान झाले नाही. ज्यांनी तंतुवाद्ये पाठवली आहेत, मागवली आहेत किंवा जे या व्यवसायात आहेत, त्यांनी वेष्टन, दर, विमा आणि सीमाशुल्क यांविषयी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. वाद्य बाजारभावाने फार मोलाचे नसेल, पण आम्हाला ते दुसरे मिळणार नाही.

जवारीकाम

ताई, मी वाद्यदुरुस्तीचे काम करतो आणि प्रवासात मोडलेली वाद्ये माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून त्या बाजूने लिहितो.

बाहेरून काही आदळले आणि वाद्य फुटले, असे फार थोड्या वेळा होते. बहुतेक वाद्ये स्वतःच्याच वजनाच्या झटक्याने मोडतात. खोके पाठीवर पडले की भोपळा पेटीच्या गादीवर थांबतो, परंतु दांडी आणि तिच्यावरच्या खुंट्या त्या क्षणी अजून खाली जात असतात. हा सगळा ताण दांडी आणि भोपळा जिथे जुळतात त्या गुलूवर येतो आणि सांधा तिथेच उघडतो. गिटारच्या बाबतीत हेच मानेच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या पट्टीच्या मुळाशी होते. अनेकदा पेटीवर ओरखडाही नसतो आणि आत मान तुटलेली निघते. त्यामुळे पेटी किती टणक आहे यापेक्षा पेटीच्या आत वाद्य किती स्थिर आहे, हे आधी पाहावे.

सतारीसाठी माझी पद्धत अशी आहे. वरचा भोपळा फिरवून काढावा आणि वेगळ्या लहान खोक्यात कागद भरून मोठ्या खोक्यातच, दांडीखालच्या मोकळ्या जागेत बसवावा. दांडीला खालून निदान तीन ठिकाणी घट्ट फोमचे आधार द्यावेत. हे आधार दांडीच्या पाठीला टेकलेले असावेत, मात्र दांडीला वर ढकलणारे नसावेत. खुंट्यांच्या टोकांना पेटीची भिंत लागता कामा नये, कारण बाजूने दाब आला की खुंटी आत सरकते आणि भोकाची कड चिरते. गुलूच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले सुती कापड ठासून भरावे. तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर), घोडीच्या (ज्या पट्टीवर तारा टेकतात तिच्या) पुढे आणि मागे, मऊ फोमचे दोन तुकडे ठेवावेत, म्हणजे घोडी हलली तरी तबलीवर घासणार नाही.

लाखेच्या पॉलिशला बुडबुड्यांचे प्लास्टिक थेट कधीही लावू नये. बंद गाडीत किंवा गोदामात उष्णता वाढली की लाख मऊ पडते आणि सगळ्या पृष्ठभागावर गोल ठसे उमटतात. ते घासून काढायचे म्हणजे पॉलिश नव्याने करणे आले. आधी धुतलेले जुने सुती कापड गुंडाळावे आणि प्लास्टिक त्यावरून घ्यावे.

पेटीच्या बाहेर दुहेरी पन्हाळीच्या पुठ्ठ्याचे खोके असावे आणि पेटी व खोके यांच्यामध्ये सर्व बाजूंनी सुमारे ५ सेंटीमीटर जागा फोमच्या पट्ट्यांनी भरलेली असावी. थर्माकोलचे सुटे तुकडे भरू नयेत. प्रवासातल्या हादऱ्यांनी ते बाजूला सरकतात आणि पेटी हळूहळू तळाला जाऊन बसते. खोके बंद केल्यावर ते उभे, आडवे आणि उलटे करून ठेवावे, मग उघडून पेटी जागची हलली आहे का हे पाहावे. हलली असेल तर भरण कमी आहे. ‘नाजूक वस्तू’ ही पट्टी लावावी, पण तिच्या भरवशावर राहू नये. मोठ्या केंद्रांत पार्सले सरकत्या पट्ट्यांवरून जातात आणि ती पट्टी कोणी वाचत नाही.

पांथस्थ

जवारीकाम यांनी फार उपयुक्त लिहिले आहे. एक शंका विचारतो. सर्व तारा पूर्ण सैल करून किंवा काढूनच पाठवाव्यात, असे मी अनेकांकडून ऐकले आहे. ताण नसेल तर दांडीला धोका कमी, हे तर्काला धरून वाटते. आपले मत काय?

जवारीकाम

पांथस्थ, ताण कमी करावा, पण शून्यावर आणू नये. सतारीची घोडी तबलीवर चिकटवलेली नसते, ती केवळ तारांच्या दाबाने उभी असते. तारा पूर्ण ढिल्या झाल्या की घोडी निसटते आणि पेटीत फिरत राहते. शिवाय सगळ्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक अनुनादी तारा, सैल सोडल्या तर त्या एकमेकींत अडकतात आणि शिकणाऱ्या माणसाला ते गुंतवळ सोडवणे अवघड जाते. मुख्य तारा तीन-चार स्वर उतरवाव्यात, तरफा दोन स्वर, आणि घोडीची जागा तबलीवर कागदी चिकटपट्टीच्या बारीक खुणांनी दाखवून ठेवावी. पट्टी मात्र पॉलिश उचलणार नाही इतकी हलक्या चिकटीची असावी. सूर बारीक जुळवण्यासाठी तारेत ओवलेला मणका काढून डबीत ठेवावा.

व्हायोलिन आणि चेलो यांना तर हे आणखी लागू आहे. त्यांच्या पोटात, घोडीच्या पायाजवळ उभी असलेली लाकडी काडी तारांच्या दाबानेच जागेवर राहते. सगळ्या तारा सोडल्या तर ती पडते आणि ती परत बसवायला कारागीरच लागतो. गिटार एक-दोन स्वर उतरवली तरी पुरते.

मालवाहू

मी मालवाहतुकीच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे ‘साडेतीन किलोंचे साठ किलो कसे झाले’ या प्रश्नाचे उत्तर देते. विमानात वजनाइतकीच जागाही मोलाची असते. म्हणून प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारणी होते. आकारमानाचे वजन काढताना लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतात. एक्सप्रेस कुरिअर त्या गुणाकाराला बहुधा ५००० ने भागतात, तर साध्या हवाई मालवाहतुकीत ६००० ने भागतात.

तुमचे खोके १४०×५०×४५ असेल तर ५००० ने भागून ६३ किलो होतात. वरचा भोपळा काढला, पेटी सतारीच्या मापाची घेतली आणि खोके १३५×४५×४० वर आणले, तर तेच ४८.६ किलो होतात. सतार तीच, संरक्षणासाठी ठेवलेली जागाही तीच, आणि १४ किलोंचे भाडे वाचते. हवाई मालवाहतुकीच्या हिशेबाने हेच खोके ४०.५ किलोंचे ठरते. त्यामुळे माझा सल्ला असा की दर विचारण्याआधी खोक्याचे आकारमान पक्के करावे. अंदाजे मापे सांगितली की समोरचा माणूस मोठे माप धरतो आणि ऐनवेळी फेरमोजणी झाली की वाढीव बिल येते.

आता मार्गांविषयी लिहिते. एक्सप्रेस कुरिअर सर्वांत महाग असते, पण दारापासून दारापर्यंत एकाच हाताखाली काम राहते, सीमाशुल्काचे काम तेच करतात आणि पार्सल थोड्या वेळा हाताळले जाते.

टपालाची परदेशी पार्सल सेवा स्वस्त पडू शकते, विशेषतः जिथे आकारणी प्रत्यक्ष वजनावर होते. तिच्या मापांकडे मात्र बारकाईने पाहावे लागते. एक्सप्रेस टपालात वजनाची मर्यादा साधारण ३० किलो, कोणत्याही एका बाजूची मर्यादा १.५ मीटर, आणि लांबी अधिक घेर (रुंदी व उंची यांच्या बेरजेची दुप्पट) मिळून ३ मीटर अशी असते. तुमच्या १३५×४५×४० च्या खोक्याचा घेर १७० सेंटीमीटर, म्हणजे एकूण ३०५. पाच सेंटीमीटरमुळे पार्सल नाकारले जाईल! १३२×४४×४० केले तर बरोबर ३०० होतात, पण पुठ्ठा फुगतो हे लक्षात घेऊन मी आणखी दोन सेंटीमीटर कमीच ठेवीन. काही देशांच्या मर्यादा याहून कडक असतात, म्हणून जिथे पाठवायचे त्या देशाची मर्यादा पाहावी. मोठा तानपुरा मात्र या मापात बसवणे जवळजवळ अशक्य आहे.

विमानतळ ते विमानतळ अशी हवाई मालवाहतूक दिसायला स्वस्त असते. पण उतरल्यावर तुमच्या बहिणीला मालकेंद्रावर जाऊन कागदपत्रे पूर्ण करावी लागतील, हाताळणीचे शुल्क भरावे लागेल आणि उशीर झाला तर गोदामाचे भाडेही लागेल. समुद्रमार्गे इतरांच्या मालासोबत कंटेनरमध्ये पाठवले, तर सहसा किमान एक घनमीटरचे भाडे आकारतात आणि तुमचे खोके त्याच्या पावपटही भरत नाही. पियानो, मोठी हार्मोनियम किंवा संपूर्ण घरसामान जात असेल तर हा मार्ग योग्य आहे. एकट्या सतारीसाठी मी तो सुचवणार नाही. आठवडेच्या आठवडे दमट कंटेनरमध्ये राहणे तिला मानवणारही नाही.

खर्ज

मालवाहूताई, हिशेब इतका स्वच्छ करून दाखवल्याबद्दल मनापासून आभार. आज घरी मोजले, तेव्हा वरचा भोपळा काढल्यावर उंचीत चांगलाच फरक पडतो असे दिसले. आता विम्याविषयी विचारते. कुरिअरच्या पावतीवर किंमत लिहिली की विमा झाला, असे समजावे का?

धैवत

नाही, तसे समजू नये. मी विमा दाव्यांचे काम पाहिले आहे, म्हणून हे ठामपणे सांगतो. सीमाशुल्कासाठी जाहीर केलेली किंमत आणि नुकसानभरपाईसाठी जाहीर केलेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी जाहीर केली नाही, तर वाहतूकदाराची जबाबदारी वजनावर ठरते. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीला माँट्रियल करार लागू असेल, तर २८ डिसेंबर २०२४ पासून मालासाठी ही मर्यादा प्रतिकिलो २६ विशेष आहरण हक्क इतकी आहे. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. इथे आकारमानाचे वजन नव्हे, प्रत्यक्ष वजन धरतात. सतार, पेटी आणि खोके मिळून ९ किलो झाले, तर जास्तीत जास्त २३४ एकके, मग वाद्य कितीही मोलाचे असो. भाडे घेताना ४८ किलो आणि भरपाई देताना ९ किलो, ही गोष्ट पाठवणाऱ्या प्रत्येकाला आधीच माहीत असायला हवी.

म्हणून स्वतंत्र माल विमा घ्यावा आणि तो सर्व जोखमींचा असावा. माल विम्याच्या प्रचलित अटींत ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ असे तीन प्रकार असतात. त्यांपैकी ‘अ’ सर्वांत व्यापक आहे. ‘क’ प्रकार जहाज बुडणे, आग लागणे अशा मोठ्या आपत्तींपुरताच असतो आणि खोके हातातून पडून गुलू उघडला तर त्याचा काहीही उपयोग नाही. परंतु ‘अ’ प्रकारातही अपुरे वेष्टन आणि वस्तूचा अंगभूत दोष यांमुळे झालेले नुकसान वगळलेले असते. सर्वाधिक दावे इथेच अडतात. त्यासाठी वेष्टनाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढून ठेवावीत: उघडे वाद्य सर्व बाजूंनी, गुलूचा सांधा जवळून, तबलीवरच्या आधीच्या चिरा असल्यास त्या, पेटीतले आधार, खोक्यातले भरण आणि शेवटी बंद खोके मापपट्टीसह. वाद्याची किंमत एखाद्या कारागिराकडून लेखी घ्यावी. भावनिक मोलाचा विमा होत नाही, परंतु त्याच दर्जाची नवी सतार आणि भाडे मिळून होणाऱ्या रकमेचा होतो.

पार्सल हाती येईल तेव्हा तुमच्या बहिणीने सही करण्यापूर्वी खोक्याचे कोपरे पाहावेत आणि चेपलेले असतील तर पावतीवर तसे लिहावे. हवाई मालाच्या नुकसानीची लेखी तक्रार मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आत करावी लागते, त्यानंतर दावा उभा राहत नाही.

सोबती

कोणी जाणारे असेल तर विमानात सोबत नेणे हा पर्यायही विचारात घ्यावा, असे मला वाटते. व्हायोलिन, बासरी, लहान तालवाद्ये हाताशी नेता येतात. अमेरिकेत तर ६ मार्च २०१५ पासून लागू झालेल्या नियमानुसार, विमानात चढताना वरच्या कप्प्यात किंवा आसनाखाली जागा शिल्लक असेल तर लहान वाद्य प्रवाशासोबत नेऊ देणे विमान कंपन्यांवर बंधनकारक आहे. चेलोसाठी बरेच वादक वेगळे आसन विकत घेतात. सतारीची पेटी मात्र लांबी, रुंदी आणि उंची यांच्या नेहमीच्या १५८ सेंटीमीटरच्या बेरजेत बसत नाही, त्यामुळे ती मोठ्या आकाराचे सामान म्हणून द्यावी लागते. ते शुल्क अनेकदा कुरिअरपेक्षा बरेच कमी असते, आणि असे सामान पुष्कळ ठिकाणी पट्ट्यावर न टाकता माणूस हाताने नेतो. तिकीट काढण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारून उत्तर जवळ ठेवावे.

दस्तऐवज

कागदपत्रांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. वेष्टन उत्तम असूनही वाद्य सीमेवर अडकून पडले, तर दमट गोदामातच त्याचे नुकसान होते.

पहिली गोष्ट, वाद्य कशाचे बनले आहे हे लिहून काढावे. शिसमाचे सगळे डालबर्जिया कुळ २ जानेवारी २०१७ पासून साइट्स या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या, आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आले आणि वादकांची मोठी अडचण झाली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्ये आणि त्यांचे तयार सुटे भाग यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन शिसम, म्हणजे डालबर्जिया नायग्रा, याला ही सूट नाही. ते १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे आणि जुन्या गिटारींत आढळते. सतारीत लाकडापेक्षा घोडीकडे आणि सजावटीकडे पाहावे. जुन्या घोड्या सांबरशिंगाच्या असतात, क्वचित हस्तिदंताचेही काम असते. अशा घोडीसह वाद्य पाठवणे म्हणजे संपूर्ण सतार जप्त होण्याचा धोका पत्करणे आहे. ती घोडी उतरवून घरी ठेवावी आणि आबनूस किंवा कृत्रिम पदार्थाची घोडी बसवून मगच पाठवावे. तसा उल्लेख यादीतही करावा.

दुसरी गोष्ट बाहेरच्या खोक्याची. लाकडी क्रेट करणार असाल, तर ६ मिलिमीटरपेक्षा जाड कच्च्या लाकडाला आयएसपीएम १५ या (लाकडातली कीड रोखण्याच्या) आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रक्रिया आणि गव्हाच्या कणसाचा शिक्का लागतो. प्लायवूड त्यातून मुक्त आहे. मात्र प्लायवूडच्या पेटीला आतून कच्च्या लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या, तर त्या पट्ट्यांना नियम लागू होतो. सुतार हे सांगत नाहीत, म्हणून आपणच सांगावे. पेंढा किंवा गवत भरण म्हणून वापरू नये. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथे तर त्यावरून खोके उघडलेच जाईल.

तिसरी गोष्ट किमतीची. शुल्क वाचावे म्हणून किंमत कमी लिहू नये. ते बेकायदा आहेच, शिवाय त्याच कमी किमतीवर विम्याचा दावा निघतो. सीमाशुल्काच्या यादीत तंतुवाद्यांचे वर्गीकरण ९२०२ या शीर्षकाखाली होते. यादीत ‘वापरलेले वैयक्तिक वाद्य, विक्रीसाठी नाही’ असे स्पष्ट लिहावे. ‘भेट’ असे लिहिले की शुल्क माफ होते, हा समज सर्वत्र खरा नाही. प्रत्येक देशाची मर्यादा वेगळी असते आणि ती बदलतही असते. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची सरसकट शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली, तर युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या मालाची करमाफी १ जुलै २०२१ पासून काढून टाकली. शुल्क तिकडे बहिणीने भरायचे की इकडे तुम्ही, हे कुरिअरकडे आधीच नोंदवावे, नाहीतर पार्सल कागदांसाठी थांबते. बहीण नुकतीच राहायला गेली असती, तर घरसामानाच्या सवलतीत हे बसले असते. दौऱ्यावर नेऊन परत आणायचे वाद्य असेल, तर एक वर्षापर्यंत चालणारे एटीए कार्नेट (तात्पुरत्या शुल्कमुक्त आयातीचा दाखला) हा वेगळा मार्ग आहे.

पुडी

तबला आणि हार्मोनियम पाठवणाऱ्यांसाठी थोडी भर घालते. तबल्याची पुडी कातड्याची असल्याने काही देशांत तपासणी होते, म्हणून कातडे स्वच्छ, केस आणि किडीविरहित असावे. गवत भरलेल्या चुंबळी पाठवू नयेत, कापडाच्या नव्या कराव्यात. बाजूचे लाकडी गट्ठे वर सरकवून ताण थोडा उतरवावा आणि शाईवर कापडाची जाड चकती ठेवून झाकण बांधावे. हार्मोनियमचा भाता कडीने बंद करावा, सुरांच्या पट्ट्यांवर फोम ठेवून झाकण लावावे. इलेक्ट्रॉनिक तानपुरा सोबत असेल तर त्यातली लिथियम बॅटरी जाहीर करावी लागते. शक्य असल्यास तो वेगळाच पाठवावा.

खर्ज

सर्वांचे उत्तर वाचून बरेच चित्र स्पष्ट झाले. घोडी तपासली, ती शिंगाची निघाली, त्यामुळे आबनुसाची नवी घोडी करून घेणार आहे. एक्सप्रेस कुरिअरनेच पाठवायचे आणि वाचलेल्या आकारमानाचे पैसे स्वतंत्र विम्याला लावायचे, असे ठरवले आहे. एकच विचारायचे राहिले. बहिणीच्या गावी सध्या कडक थंडी आहे आणि घरात दिवसरात्र उष्णता चालू असते. त्याने सतारीला काही होईल का?

जवारीकाम

होईल, आणि याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. तापवलेल्या घरातली हवा अतिशय कोरडी असते. लाकडी वाद्यांना साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. हवा त्याहून पुष्कळ कोरडी झाली की तबली आकसते आणि तिला रेषेत चीर जाते. पेटीत आर्द्रता दोन्ही बाजूंनी सांभाळणाऱ्या पुड्या ठेवाव्यात. केवळ ओल शोषणारे सिलिका जेल भरपूर भरले तर उलट अपायच होतो. खोके पोहोचल्यावर ते घरात आणून न उघडता एक दिवस तसेच ठेवावे, म्हणजे वाद्य आतल्या आत हळूहळू खोलीच्या तापमानाला येईल. थंडीने गारठलेली सतार एकदम उबेत काढली, तर पॉलिशला केसासारख्या बारीक चिरा पडतात.

उघडल्यावर प्रथम गुलू आणि तबलीची कड पाहावी, छायाचित्रे काढावीत आणि मगच तारा चढवाव्यात. एकाच दिवशी पूर्ण स्वरात आणू नये. दोन-तीन दिवसांत थोडे थोडे चढवावे, आधी तरफा आणि मग मुख्य तारा. नव्या घोडीची जवारी (नाद खुलावा म्हणून तिच्या माथ्याला घासून दिलेला आकार) मी इथे लावून दिली तरी तिकडच्या हवेत ती बदलेल, म्हणून महिनाभर वाजवून मगच तिकडच्या जाणकाराला दाखवावे. शिंगाची घोडी मात्र जपून ठेवा.